नोबिता कधीच सुधारत नाही, हा कथेचा दोष मानावा का?

विश्वामित्री

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात हा तास टीव्हीचा असतो आणि गेली तीन वर्षे त्या तासावर डोरेमॉनची, म्हणजे नोबिता नावाच्या मुलाच्या मदतीला भविष्यातून आलेल्या यंत्रमांजराच्या जपानी मालिकेची, अबाधित सत्ता आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि डोरेमॉनसमोर हिंदी, अशी त्याच्या भाषांची वाटणी झालेली आहे. ती बहुतेक बडोदेकर मराठी घरांत असतेच, त्यामुळे माझी तक्रार तिच्याबद्दल नाही.

गेल्या आठवड्यात गणिताच्या चाचणीत त्याला वीसपैकी चार गुण मिळाले. तो पेपर त्याने डब्याच्या रुमालात गुंडाळून दप्तराच्या अगदी तळाशी ठेवला होता आणि रुमाल धुवायला काढताना तो माझ्या हाती लागला. मी विचारले तेव्हा तो जराही न गडबडता म्हणाला, "नोबिताला तर शून्य मिळतं, आणि तरी शिझुकाशी लग्न त्याचंच होतं." शिझुका ही नोबिताची वर्गमैत्रीण. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

मी स्वतः ही मालिका अर्धवट लक्ष देऊनच पाहत आले आहे, तरी नोबिताचे दोष मला पाठ आहेत. तो आळशी आहे, रडवा आहे, अभ्यास पुढे ढकलतो, मार खाल्ला की डोरेमॉनकडे धावतो, मिळालेले उपकरण पहिल्या दोन मिनिटांत चांगल्या कामासाठी आणि नंतर सूड किंवा फुशारकीसाठी वापरतो आणि शेवटी तोंडावर आपटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तेच चालू होते. ज्या नायकाचा स्वभाव इतक्या वर्षांत तसूभर बदलत नाही, त्याच्याकडून मुलांनी नेमके काय घ्यावे, असा माझा प्रश्न आहे. मालिका बंद करण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण तो प्रयोग आमच्याकडे दोनदा झाला आहे आणि दोन्ही वेळा मीच हरले आहे.

मांडवीकर

ताई, आपल्या मुलाने मालिकेचा अर्थ अचूक लावला आहे, आणि नेमकी हीच काळजीची गोष्ट आहे. दोष असलेला नायक मला चालतो, परंतु त्या दोषाची किंमत त्याला मोजावी लागली पाहिजे. इथे किंमत मोजल्यासारखी दिसते आणि पुढच्या भागात ती माफ होते. स्मरणशक्तीच्या पावाची गोष्ट आठवून पाहा. पुस्तकाच्या पानावर पाव दाबायचा, अक्षरे त्यावर उमटतात, पाव खाल्ला की पान पाठ होते. नोबिता इतका पाव खातो की पोट बिघडते आणि पाठ झालेले सगळे वाहून जाते. माझी मुलगी या गोष्टीवर लोळून हसली, आणि त्यानंतर तिने मला विचारले की असा पाव खरोखर केव्हा निघणार. परिणामाचा भाग तिने हसण्यावारी नेला आणि युक्ती तेवढी मनात ठेवली.

लीलो_चिवडा

दोष नसलेला नायक हवा असेल तर छोटा भीम आहेच. २००८ पासून तो लाडू खाऊन जिंकत आला आहे. आमच्या घरातल्या दोन्ही मुलांना भीमाच्या तोंडचे एक वाक्यही आठवत नाही, मात्र भीमाशी सतत चढाओढ करणाऱ्या कालियाच्या बढाया त्यांना शब्दशः पाठ आहेत. मला यातच पुष्कळसे उत्तर दिसते.

रेघोटी

मी इथल्याच फाइन आर्ट्सची विद्यार्थिनी आहे आणि पोटापाण्यासाठी ॲनिमेशन करते, म्हणून हा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने मांडते. नोबिता का बदलत नाही याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी तो कुठे जन्मला ते पाहिले पाहिजे.

फुजिको एफ. फुजिओ यांनी डोरेमॉनची चित्रकथा १९६९ च्या अखेरीस, म्हणजे जानेवारी १९७० च्या अंकांपासून, सुरू केली आणि ती एकाच वेळी सहा मासिकांत येऊ लागली. ही मासिके एकाच प्रकाशकाची होती, परंतु प्रत्येकाचा वाचक वेगळ्या वयाचा होता. अगदी लहान मुलांपासून चौथीतल्या मुलांपर्यंत, प्रत्येक टप्प्याला त्याचे स्वतंत्र मासिक होते आणि प्रत्येकासाठी गोष्टही वेगळी लिहिली जात असे. दर वर्षी मुले वरच्या इयत्तेत जात, हातातले मासिक बदलत आणि खालच्या मासिकाला नवी मुले मिळत. अशा व्यवस्थेत नोबिता जर सुधारत गेला असता, तर नव्याने आलेल्या मुलाच्या वाट्याला आधीच शहाणा झालेला मुलगा आला असता, आणि शहाण्या झालेल्या मुलाला डोरेमॉनची गरजच उरत नाही. तेराशेहून अधिक कथा या एका आळसावर उभ्या आहेत, त्यामुळे तो आळस काढून घेतला तर सगळा डोलारा कोसळतो.

आता चित्रांबद्दल. नोबिताचा दोष संवादांपेक्षा त्याच्या देहबोलीत अधिक आहे. बसायची उशी दुमडून डोक्याखाली घेऊन जमिनीवर आडवा पडलेला नोबिता आपण शेकडो वेळा पाहिलेला असतो. चष्मा काढला की त्याच्या डोळ्यांच्या जागी इंग्रजी तीनचे दोन आकडे उरतात. तो मुलगा चष्म्याशिवाय आणि मदतीशिवाय किती उघडा आहे, हे दोन रेघांत सांगून होते. आम्हाला वर्गात शिकवत असत की पात्राचा दोष त्याच्या बाह्यरेषेतच दिसला पाहिजे. ते शिकवणे मला नोबिताकडे पाहूनच खऱ्या अर्थाने समजले.

मांडवीकर

रेघोटी, माहिती उत्तम आहे, परंतु ती प्रकाशकाची सोय झाली. १९७० सालच्या जपानी मासिकाची सोय माझ्या मुलीने का सोसावी?

अर्धवट_पंडित

मी कॉलेजात आहे, त्यामुळे इथल्या पालकांच्या चर्चेत तोंड घालण्याबद्दल आधीच क्षमा मागतो. दोष आणि बदल यांचे उत्तम उदाहरण ॲनिमेशनमध्ये हवे असेल तर 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' पाहावे, असे मला वाटते. ही मालिका २००५ ते २००८ या काळात आली, तिचे तीन खंड आणि एकसष्ट भाग आहेत, आणि तिला आरंभापासून शेवट ठाऊक होता. तिथे तेराशे नाहीत, एकसष्टच आहेत, आणि सगळा फरक बहुधा इथूनच पडतो.

त्यातला राजपुत्र झुको तेरा वर्षांचा असताना युद्धाच्या बैठकीत नवख्या सैनिकांना बळी देण्याच्या बेताविरुद्ध बोलतो. त्याबद्दल त्याचा बाप त्याला द्वंद्वाला उभा करतो, चेहरा जाळतो आणि देशाबाहेर घालवतो. पुढे हा मुलगा संतापी, हट्टी आणि मान परत मिळवण्याच्या वेडाने पछाडलेला असा होतो. त्याचा काका आयरो सतत त्याच्याबरोबर असतो, आणि दुसऱ्या खंडात मुलगा हळूहळू निवळतो आहे असे आपल्याला वाटू लागते. नेमक्या त्याच वेळी, खंडाच्या शेवटी, तो काकाला सोडून बहिणीच्या बाजूने जातो. मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला इतका राग आला होता की मी दोन दिवस पुढचा भाग लावला नाही.

परंतु झुकोच्या बदलावर विश्वास बसतो तो या घसरण्यामुळेच. तिसऱ्या खंडात त्याला हवे ते सर्व मिळते. घर, मान, बापाची शाबासकी, सगळे मिळूनही तो पूर्वीपेक्षा अधिक चिडलेला असतो आणि त्याला स्वतःलाही त्याचे कारण सांगता येत नाही. बाहेरून कोणी उपदेश करून त्याला बदलत नाही. जे मागितले ते हातात आल्यावर ते पोकळ निघते, तेव्हा तो बदलतो. शेवटी तो काकाच्या तंबूत क्षमा मागायला जातो, रात्रभर बसून राहतो, आणि सकाळी त्याची क्षमायाचना पुरी होण्याआधीच आयरो त्याला मिठीत ओढतो. नोबिताच्या वाट्याला असा प्रवास कधीच येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

विश्वामित्री

अर्धवट_पंडित, क्षमा कसली मागता, आपण चर्चेला हवे ते उदाहरण दिले आहे. माझा मुलगा त्या मालिकेला अजून लहान आहे, पण मी स्वतः ती पाहीन.

मात्र काल संध्याकाळी मी प्रथमच पूर्ण लक्ष देऊन मुलाशेजारी बसले आणि हुकूमशहाच्या बटणाची गोष्ट पाहिली. नको असलेल्या माणसाचे नाव घेऊन बटण दाबायचे की तो माणूस मुळात नव्हताच असे होते. नोबिता आधी त्याला मारणाऱ्या दांडगट जियानला नाहीसे करतो, मग जियानच्या मागेमागे फिरणाऱ्या बढाईखोर सुनियोला, आणि शेवटी चिडून सगळेच नाहीसे व्हा असे म्हणून बसतो. त्यानंतर रिकाम्या गावात तो हवे ते खातो, हवे ते खेळतो, आणि रात्र झाल्यावर घाबरून रडू लागतो. तेव्हा डोरेमॉन येतो आणि सांगतो की हे उपकरण हुकूमशहांना पश्चात्ताप व्हावा म्हणूनच बनवलेले आहे. माझा मुलगा हे पाहताना पाय वर घेऊन माझ्या अगदी जवळ सरकला होता. मला वाटले, आता याच्या मनात काही तरी हलले. पुढची गोष्ट लागली, नोबिता पुन्हा जियानवर सूड उगवण्याच्या मागे लागला, आणि मुलगा पुन्हा पाय पसरून हसू लागला. ही शिकवण अकरा मिनिटेच टिकणार असेल तर तिला शिकवण म्हणावे का?

जुना_मास्तर

मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले आहे, आणि अकरा मिनिटे टिकलेली शिकवण माझ्या अनुभवात पुष्कळच झाली. परंतु विनोद बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बडोद्याची आहे. चि. वि. जोशी याच शहरात पालीचे प्राध्यापक होते आणि त्यांचा चिमणराव आपल्या सर्वांच्या घरचा आहे. चिमणराव भित्रा आहे, भोळा आहे, थोडा बढाईखोर आहे, आणि गुंड्याभाऊच्या आधाराशिवाय त्याचे पान हलत नाही. कथा कितीही झाल्या तरी तो सुधारत नाही, आणि तो सुधारावा असे कोणत्याही मराठी वाचकाला कधी वाटलेले नाही. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, आणि ज्याला स्वतःची फजिती इतक्या बारकाव्याने सांगता येते तो आतून आंधळा नसतो. दोष जिथल्या तिथे राहतात, परंतु त्यांच्याकडे पाहणारी नजर निर्मळ असते. विनोदी कथेत पात्राचा विकास पुष्कळदा असा वाचकाच्या बाजूला होत असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नोबिता कधीच बदलत नाही, हे विधान मला मान्य नाही. माझ्या नातीमुळे मी मूळ चित्रकथेचे काही खंड इंग्रजीतून वाचले आहेत, आणि सहाव्या खंडाच्या शेवटी जी निरोपाची गोष्ट आहे ती आपण सर्वांनी वाचावी. डोरेमॉनला भविष्यात परत जावे लागणार असते. आदल्या रात्री बाहेर पडलेल्या नोबिताची जियानशी गाठ पडते आणि मारामारी सुरू होते. नेहमीचा नोबिता या ठिकाणी हाक मारून डोरेमॉनला बोलावतो. या वेळी तो बोलावत नाही, कारण आपण स्वतःच्या बळावर उभे राहिलो नाही तर डोरेमॉन निश्चिंत मनाने जाऊ शकणार नाही, असे त्याला वाटते. तो मार खातो, पडतो, पुन्हा उठून जियानला धरतो. त्याच्या अंगात बळ आलेले नाही, त्याला एकही डाव सुचलेला नाही, तो जितका दुबळा होता तितकाच आहे. फक्त तो सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून, काहीसा घाबरून, आपण हरलो असे म्हणून निघून जातो. सकाळी खोलीत डोरेमॉन नसतो.

ही गोष्ट १९७४ च्या मार्च अंकात तिसरीच्या मुलांच्या मासिकात आली होती. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. लगेच एप्रिलच्या अंकात, चौथीच्या मासिकात, डोरेमॉन परत आल्याची गोष्ट आली. म्हणजे ज्या मुलांनी तिसरीत त्याला निरोप दिला होता, त्यांनाच चौथीत पाऊल टाकताना तो पुन्हा भेटला. रेघोटीने सांगितलेली सहा मासिकांची व्यवस्था लेखकाने इथे केवढ्या मायेने वापरली आहे, ते पाहा. मांडवीकर, प्रकाशकाच्या सोयीतून असेही काही निघू शकते.

रेघोटी

मास्तर, परतीच्या गोष्टीतला उलटा अर्क आपण सांगितला नाहीत. तो अर्क प्यायल्यावर माणूस जे बोलेल ते खोटे ठरते. एक एप्रिलला जियान नोबिताला डोरेमॉन आल्याची खोटी बातमी देतो, आणि नोबिता तो अर्क पिऊन जियान व सुनियोची खोड मोडतो. हा झाला नेहमीचा, सूड घेणारा नोबिता. मग घरी येऊन तो खिन्नपणे म्हणतो की डोरेमॉन आता परत येणार नाही, आणि या बोलण्यामुळेच डोरेमॉन परत येतो. एकाच गोष्टीत त्याचा क्षुद्रपणाही आहे आणि त्याचे प्रेमही आहे, आणि लेखकाने एकासाठी दुसरे पुसून टाकलेले नाही. मला ही कथा आधीच्या निरोपापेक्षाही श्रेष्ठ वाटते.

सुरसागर

चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती म्हणून लिहिते. सगळे नोबिताच्या दोषांवर बोलत आहेत, जियानच्या दोषांवरही बोलता येईल, सुनियोच्या तर नक्कीच येईल. शिझुकाचे काय? ती हुशार आहे, दयाळू आहे, नीटनेटकी आहे आणि व्हायोलिन भयंकर वाजवते. एवढा एकच मजेदार दोष लेखकाने तिला दिला, आणि तो दिसतो तेव्हा ती एकदम जिवंत होते. बाकी वेळ ती नोबिताला शेवटी मिळायच्या बक्षिसासारखी उभी असते. विश्वामित्री, आपल्या मुलाने 'लग्न त्याचंच होतं' असे जे म्हटले, त्यातली ही बाजूही त्याच्याशी बोलण्यासारखी आहे. ज्या पात्राला चुकण्याची मुभा नाही, त्याला वाढण्याचीही जागा मिळत नाही. अंघोळीचे प्रसंग तर मी माझ्या मुलींबरोबर बसून पाहूच शकत नाही.

मांडवीकर

सुरसागर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मास्तरांच्या म्हणण्याने मी निम्माच बधलो आहे. निरोपाची गोष्ट थोर आहे, परंतु ती तेराशेंतली एक आहे, आणि टीव्हीवर रोज लागतात त्या उरलेल्या.

जियानबद्दल मात्र एक भर घालतो. १९८० च्या पहिल्या चित्रपटात, डायनोसॉरच्या काळात, संकटाच्या वेळी नोबिता जियानचा हात सोडत नाही. पुढे सुनियो माघार घेण्याची भाषा करतो तेव्हा जियान त्या हाताची आठवण ठेवून नोबिताच्या बाजूने उभा राहतो. हाच जियान दूरचित्रवाणीवर परत आला की पुन्हा वह्या हिसकावतो आणि मैदानात उभा राहून सर्वांना आपले गाणे ऐकवतो. माझ्या मुलीने यावर दिलेले स्पष्टीकरण असे: "बाबा, पिक्चरमध्ये सगळे खूप लांब गेलेले असतात ना, म्हणून चांगले वागतात. आपण पण काश्मीरला गेलो तेव्हा तुम्ही ओरडला नव्हता." यावर मी काय बोलणार?

जुना_मास्तर

काही बोलू नये. ती मुलगी समीक्षक होणार आहे.

एक राहिले. लग्नाचा उल्लेख आला म्हणून आठवण करून देतो की त्या लग्नाच्या आदल्या रात्रीची गोष्ट पंचविसाव्या खंडात आहे. शिझुका बापाला सोडून जायच्या विचाराने कासावीस झालेली असते, तेव्हा तिचा बाप सांगतो की नोबिता हा दुसऱ्याच्या सुखात सुखी आणि दुसऱ्याच्या दुःखात दुःखी होणारा माणूस आहे, आणि माणसाजवळ असावी अशी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. तो त्याच्या गुणांचा, नोकरीचा किंवा हुशारीचा उल्लेखही करत नाही. पहिल्या कथेत नोबिताचा पणतूचा मुलगा सेवाशी, आपण भविष्य बदलले तर तू जन्मशील का, या प्रश्नावर सांगतो की ओसाकाला कोणत्याही वाहनाने गेले तरी माणूस ओसाकालाच पोहोचतो. मला वाटते लेखकाने नोबिताचे वाहन कधीच बदलले नाही. ते खटारा होते आणि खटाराच राहिले.

विश्वामित्री

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघांनी २०१४ चा तो चित्रपट पाहिला ज्यात निरोपाची गोष्ट घेतलेली आहे. मारामारी सुरू झाली तेव्हा मुलाने हातातली शेवेची वाटी खाली ठेवली. संपल्यावर त्याने बराच वेळ काही विचारले नाही, आणि मग झोपाळ्यावर बसून म्हणाला, "पण आई, नोबिता तर खाली पडलेला होता. मग जियान हरला कसा?" मी त्याला उत्तर दिले नाही. तोच म्हणाला, "त्याने पाय सोडलाच नसेल." मग थोड्या वेळाने त्याने विचारले की नोबिताला त्या दिवशी शाळेत किती गुण मिळाले असतील. मी म्हटले, शून्यच मिळाले असतील. हे उत्तर त्याला पटलेले दिसले.

सुरसागर यांचा मुद्दाही मी काढून पाहिला. शिझुकाच्या व्हायोलिनबद्दल तो पाच मिनिटे हसत राहिला आणि शेवटी म्हणाला की ती जियानबरोबर मैफल का करत नाही. याहून पुढे आमची चर्चा अजून गेलेली नाही.

काल गणिताची दुसरी चाचणी परत मिळाली. वीसपैकी सात गुण आहेत. पेपर या वेळीही त्याने लपवला होता, पण दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, आणि रुमालाशिवाय.